तेल नेमकं कुठून येतंय

त्याला सगळे भिंगरी म्हणत. हे नाव ठेवलं त्याच्या बायकोनं, लग्नाला पंधरा दिवसही झाले नव्हते तेव्हा, आणि गॅरेजमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकांनी ते उचललं. जेवताना हा माणूस दोनदा तरी ताटावरून उठायचा. फोन आला की शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारत बोलायचा. रांगेत उभं राहायची वेळ आली तर रांग सोडून घरी यायचा आणि बायकोला पाठवायचा. वय सत्तावन्न, अंगानं काटक, आणि जुन्या गाड्यांच्या इंजिनांवर हात असा बसलेला की लांबलांबचे लोक गाडी ओढत त्याच्याकडे आणत.

शेड त्याच्या वडिलांची. पत्र्याचं छप्पर, मधोमध गाडीखाली उतरायचा खड्डा, एका भिंतीवर पाने ओळीनं टांगलेले, दुसऱ्या भिंतीशी लाकडी काउंटर. काउंटरवर बायको बसायची. सुटे भाग काय आहेत, काय मागवायचेत, कोणाची गाडी कधी द्यायची हे तिच्या डोक्यात असायचं. तिला कधी कोणी घाईत पाहिलं नव्हतं.

वडीलही मेकॅनिकच. एकोणसाठाव्या वर्षी काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले, आणि पुढची अकरा वर्षं ते शेडच्या दाराशी खुर्ची टाकून बसून राहिले. आवाजावरून गाडी ओळखायचे, कोणता पाना पडला ते सांगायचे, बाकी वेळ गप्प. भिंगरी दिवसातून पन्नास वेळा त्या खुर्चीला वळसा घालून आत-बाहेर करायचा आणि तिच्याकडे बघायचं टाळायचा. वडील गेले त्या आठवड्यातच त्यानं ती खुर्ची कोणालातरी देऊन टाकली. बायकोनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "जागा अडत होती."

त्यामुळे दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यासमोर धूसर यायला लागलं, तेव्हा त्यानं ते कोणाला सांगितलं नाही. आधी वाटलं, चष्मा पुसायला हवा. मग चष्मा पुसून पुसून कंटाळला. संध्याकाळी समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांना केस फुटल्यासारखे दिसायचे. पांढरं फडकं पिवळट वाटायचं. ताजं तेल आणि जुनं तेल यांतला फरक कळेनासा झाला, आणि मेकॅनिकचं अर्धं पोट त्या फरकावर चालतं. पुढे डाव्या डोळ्यानंही तोच रस्ता धरला.

तो हुशार होता, त्यामुळे त्यानं मार्ग काढले. जास्त उजेडाचा दिवा आणला. प्रत्येक पान्याची जागा पक्की केली, म्हणजे न बघता हात जाईल. काही वाचायची वेळ आली की हात तेलकट आहेत म्हणून बायकोकडून वाचून घ्यायचा. आणि सगळ्यात मोठा मार्ग म्हणजे त्यानं वेग वाढवला. सतत पळणाऱ्या माणसाकडे कोणी निरखून बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

अशातच जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली.

डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या. आसपासच्या डोंगरउतारांवरच्या गोठ्यांमध्ये त्यांची सगळी कामं. गाडी त्यांच्या नोकरीइतकीच जुनी, अठ्ठावीस वर्षांची. मागच्या सीटवर रबरी बूट, दोर, औषधांची पेटी आणि कायमचा गवताचा वास. त्या म्हणाल्या, "गाडी उभी करते तिथं खाली तळहाताएवढा डाग पडतो."

भिंगरीनं बॉनेट उघडलं, दिवा धरला, बोटं फिरवली. इंजिनच्या वरच्या झाकणाच्या, म्हणजे टॅपेट कव्हरच्या कडेला ओल लागली. "पॅकिंग गेलंय," तो म्हणाला. "जुन्या इंजिनांना हे होतंच." तासाभरात पॅकिंग बदलून गाडी दिली.

दहा दिवसांनी बाई परत आल्या. डाग तसाच. त्यानं खड्ड्यात उतरून खालून बघितलं. सगळं इंजिन काळं, तेलानं माखलेलं. तेलाचा चेंबर, इंजिनच्या तळाला बसवलेलं भांडं, त्याच्या कडेनं थेंब लोंबत होते. "चेंबरचं पॅकिंग," तो म्हणाला आणि तेही बदललं.

तिसऱ्या खेपेला तो चिडला. बाईंवर नव्हे, गाडीवर. थेंब आता इंजिन आणि गिअरबॉक्स जिथं जोडले जातात तिथून पडत होते. तिथं तेल अडवणारं क्रँकचं मागचं सील असतं. ते बदलायचं तर अख्खा गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बायको काउंटरवरून म्हणाली, "अहो, एकदा इंजिन धुऊन बघितलं असतं तर?"

"मला शिकवू नकोस गं. मागून गळतंय म्हणजे सीलच."

दोन दिवस खपून त्यानं सील बदललं. कंबर धरली, एक बोट चेंगरलं. गाडी देताना छातीठोकपणे सांगितलं, "आता पाच वर्षं बघायला नको."

पाच वर्षं राहिली बाजूला, पाचव्या दिवशी बाई चालत गॅरेजमध्ये आल्या. गाडी नव्हती. बुटांना वाळलेला चिखल होता. त्यांनी काउंटरपाशी उभं राहून सांगितलं ते असं. पहाटे एका गोठ्यातून निरोप आला, गाय अडली होती. त्या निघाल्या. शेवटच्या चढावर जळका वास आला, मग बॉनेटच्या फटीतून धूर. थांबून उघडलं तर तेल उडून तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर पडत होतं आणि तिथं जळत होतं. त्यांनी गाडी तिथंच सोडली आणि पेटी घेऊन उरलेली वाट पायी काढली.

"गाय वाचली," बाई म्हणाल्या. "वासरू नाही. अर्ध्या तासानं उशीर झाला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. भिंगरी हातातलं फडकं पिळत उभा राहिला. त्यानं गॅरेजची जीप काढली, गाडी चढावरून ओढत आणली, आणि ती शेडमध्ये लावून तिच्याभोवती घिरट्या घालायला लागला. त्या रात्री त्याचा डोळ्याला डोळा लागला नाही. सारखं एकच डोक्यात येत होतं: तेल आणखी थोडं जास्त उडालं असतं, तर गाडी पेटली असती आणि बाई आत असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या आणि म्हणाल्या, "आज मी इथंच थांबते. गाडीशिवाय मी जाणार तरी कुठं." त्या एका रिकाम्या डब्यावर बसल्या. भिंगरीला ते मुळीच आवडलं नाही. पण नाही म्हणायला तोंड कुठं होतं?

या वेळी त्यानं बायकोचं ऐकलं. इंजिन आधी नीट धुतलं. डिझेल आणि ब्रश घेऊन कोपरान्‌कोपरा घासला, पाणी मारलं, हवेच्या नळीनं सुकवलं. अठ्ठावीस वर्षांची काजळी निघाली आणि खालचा करडा धातू दिसायला लागला. "आता थोडं थोडं कळेल," तो म्हणाला. त्यानं इंजिन चालू केलं, तेल भरायच्या तोंडाचं झाकण काढलं आणि त्यावर तळवा ठेवला.

तळवा वर ढकलला गेला.

तो थबकला. पुन्हा ठेवला. आतून हवा जोरानं बाहेर येत होती. इंजिनच्या पोटात जो दाब तयार होतो तो बाहेर पडायला एक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. त्यानं ती उपसली. आत घट्ट चिकटा बसला होता, बोळ्यासारखा. फुंकर मारली तर पलीकडे जाईना. दाबाला वाट नाही म्हटल्यावर तो मिळेल त्या फटीतून तेल बाहेर ढकलत होता. दोन पॅकिंग आणि एक सील बदलून काय होणार? पहिल्याच दिवशी तळवा ठेवला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. त्याचे कान तापले.

नळी साफ करून बसवली. इंजिन अर्धा तास चालवलं. कडांची ओल थांबली. पण खाली कागद पसरला होता, त्यावर थेंब पडला. मग दुसरा. आधीपेक्षा कमी, पण पडत होते.

"अजून एक जागा आहे," तो पुटपुटला आणि दिवा घेऊन आत वाकला. खूप वेळ वाकून राहिला. मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. मागे हात करून दहाचा पाना घ्यायला गेला, आणि पाना नेहमीच्या जागेवर नव्हता. धुण्याच्या गडबडीत तो वीतभर बाजूला ठेवला गेला होता. त्याचा हात रिकाम्या जागेवर फिरत राहिला. पाना उजेडात चकाकत होता.

बाई डब्यावरून उठल्या, त्यांनी पाना त्याच्या हातात दिला आणि साध्या आवाजात विचारलं, "किती दिवस झाले दिसत नाहीये?"

"काय दिसत नाहीये?"

"घोड्याचा एक डोळा अधू झाला की तो अशीच मान कलती करतो. मी सकाळपासून बघतेय. तुम्ही सगळं बोटांनी शोधता."

"माझे डोळे ठणठणीत आहेत." आवाज चढला होता. "तुम्ही जनावरांचं बघा, डॉक्टर. माणसांच्यात नका पडू."

शेडमध्ये नुसतं इंजिन धडधडत राहिलं. बायको काउंटरमागून उठली. ती सावकाश आली, इंजिन बंद केलं, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "अहो," ती म्हणाली, "मला वाटलं होतं, आपणहून सांगाल. दोन वर्षं वाट बघितली."

"तुला माहीत होतं?"

"वर्तमानपत्र उघडून बसता आणि पान उलटत नाही. मला काय कळत नाही का?"

तो शेडच्या दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. शेवटी खड्ड्याच्या काठावर बसला. "बाबांसारखं झालंय," तो म्हणाला. "मी तसा बसून राहणार नाही. सांगून ठेवतो. एका जागी बसायची वेळ आली तर मी वेडा होईन."

बायको त्याच्याजवळ काठावर बसली. मग म्हणाली, "ते नंतर बघू. आधी या बाईंची गाडी. काय करायचं ते सांगा, बघायचं काम माझं. डोळ्यांत तेल घालून बघते."

"नको," बाई म्हणाल्या, "तेल तिथं आधीच भरपूर आहे."

भिंगरीला नको असतानाही हसू आलं.

मग त्यानं सांगितलं आणि तिनं केलं. घरातून अंगाला लावायची पावडर आणली. इंजिनच्या मागच्या अंगावर, वरपासून खालपर्यंत, ती फुंकरीनं बसवली. सगळं पांढरं झालं. इंजिन पुन्हा चालू. "थेंब पडतो तिथं बघू नकोस," तो सांगत होता. "तेल वरून निघतं, खाली वाहतं, वाऱ्यानं मागे जातं. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोध. आणि घाई करू नकोस, तापल्याशिवाय ते येणार नाही." घाई करू नकोस, हे आपण बोललो याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

वीस मिनिटं ती वाकून बघत होती. तो तिच्यामागे येरझाऱ्या घालत होता. "काही दिसतंय?" "नाही." "आता?" "अहो, जरा थांबा ना."

मग ती म्हणाली, "इथं. पांढऱ्यावर काळी रेघ आलीय. बोटाएवढं काहीतरी इंजिनच्या ब्लॉकमध्ये आवळलंय, त्याला वायर आहे. त्याच्या मधूनच येतंय, आटे आहेत तिथून नाही."

त्यानं तिच्या हाताच्या अंदाजानं हात घातला. ऑइल प्रेशर स्विच. तेलाचा दाब पडला की समोरचा लाल दिवा लावतो तो. त्याचं पोटच फाटलं होतं. इंजिन थंड असताना कोरडा. तापून तेल पातळ झालं की त्यातून बारीक चिळकांडी उडायची, ब्लॉकवरून मागे घरंगळायची आणि गिअरबॉक्सपाशी थेंब होऊन पडायची. आणि चढावर जोर लागला की थेट नळीवर. दोन दिवस ज्या सीलसाठी त्यानं कंबर मोडून घेतली होती ते जुनं सील मुळात चांगलंच होतं.

नवा स्विच काउंटरच्या खणातच निघाला. बदलायला दहा मिनिटं लागली. संध्याकाळपर्यंत कागद कोरडा राहिला, आणि बाई गाडी घेऊन गेल्या. जाताना त्या त्याला काही बोलल्या नाहीत. बायकोला मात्र दाराशी नेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

दवाखान्यात बाकावर बसून तो इतका चुळबुळत होता की शेजारचा म्हातारा उठून पलीकडे बसला. तपासणी झाली. डॉक्टर तरुण होता. "मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे. चांगला पिकलाय, आधी यायला हवं होतंत."

"काचबिंदू?"

"नाही. डोळ्याचा दाब व्यवस्थित आहे. मागचा पडदाही चांगला आहे. साधं ऑपरेशन. आधी एक डोळा, मग दुसरा."

भिंगरीला आनंद व्हायला हवा होता. पण त्याला संताप आला. दोन वर्षं तो ज्याला घाबरून पळत होता ते मुळात नव्हतंच. दवाखान्यातून तो तरातरा निघाला आणि बसथांबा मागे टाकून चालतच घरी गेला. बायको बसनं आली आणि त्याच्या आधी पोचली.

एकापाठोपाठ दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. नंतर वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं सांगितलं होतं. त्या दिवसांबद्दल बायको पुढे लोकांना सांगायची की ऑपरेशन यांचं झालं, पण डॉक्टरांकडे परत जायची पाळी माझी आली होती. तो घरभर फिरायचा. कपाटाच्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या. भिंतीवरचं घड्याळ उघडलं, आणि ते नंतर कधी नीट चाललं नाही.

परवानगी मिळाल्यावर तो शेडमध्ये आला. सकाळची वेळ होती. टेबलावर त्यानं चार महिन्यांपूर्वी स्वतः कापलेलं एक पॅकिंग पडलं होतं. त्यानं ते उचलून उजेडात धरलं. कडा वेड्यावाकड्या होत्या, एक भोक निम्मंच कापलं होतं. हे त्याचं काम होतं. त्याला वाटायचं, बोटांना सगळं कळतं.

त्यानं ते खिशात घातलं. मग काउंटरवरून गाड्यांची वही ओढली आणि मागची दोन वर्षं उलटायला लागला.

"काय शोधताय?" बायकोनं विचारलं.

"या काळात जेवढ्या गाड्या हातून गेल्या, त्या सगळ्या परत बघायच्या."

"सगळ्या? लोक काय म्हणतील? यांना दिसत नव्हतं आणि हे आमच्या गाड्या उघडत होते? गिऱ्हाईक उरेल का?"

"वासराचं विसरलीस?"

मग तिनं फोन स्वतःकडे ओढला. "नंबर सांगा. तुम्ही बोललात तर पहिल्या वाक्यात भांडण कराल."

बहात्तर गाड्या होत्या. काही जण हसले. काहींना कळेचना की मेकॅनिक फुकट गाडी का बघतोय. नक्की यात काहीतरी गोम आहे असं वाटून काही जण आलेच नाहीत, मग भिंगरी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिला. एका शिक्षकानं भर शेडमध्ये त्याला चांगलं फैलावर घेतलं आणि गाडी घेऊन निघून गेला, तो परत कधी आला नाही. ते त्याला लागलं, पण बायकोला म्हणाला, "त्याचं काही चुकलं नाही." बहुतेक गाड्या ठीक निघाल्या, हातांनी खरंच बरंच सांभाळलं होतं. सात ठिकाणी तेल पाझरत होतं. आणि एका गाडीत पेट्रोलच्या नळीचा पट्टा अर्धाच आवळलेला निघाला, नळीभोवती ओल होती आणि वरून गरम इंजिन. त्या गाडीतून तीन मुलं रोज शाळेत जात. त्यानं तो पट्टा आवळला, मग बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं. त्यानंतर तो आणखीच घायकुतीला आला. एकेका दिवसात आठ-आठ गाड्या बघायचा. पण गाडीखाली गेला की मात्र बाहेर यायची घाई करत नसे.

शेवटी एकच राहिली. पाववाल्याची जुनी व्हॅन. पाववाला म्हणाला, "ती मी कधीच विकली. दुसऱ्या शहरात गेली." पत्ता होता त्याच्याकडे.

"तिची काय आता जबाबदारी तुमच्यावर?" बायको म्हणाली. पण तिनं डबा भरून दिला.

तो बसनं गेला, मांडीवर हत्यारांची पिशवी. तीन तासांत त्यानं चार वेळा जागा बदलली. पत्ता शोधत एका बोळात पोचला. व्हॅन दारातच उभी होती. घरातली बाई बाहेर आली, तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आम्हाला काही घ्यायचं नाहीये."

"मी काही विकत नाही. ही गाडी मी दुरुस्त केली होती. ती नीट केली होती का, एवढंच बघायचंय."

"म्हणजे? तुम्हाला माहीत नाही?"

"नाही," तो म्हणाला. "तेव्हा मला नीट दिसत नव्हतं."

तिनं थोडा विचार केला आणि किल्ली आणून दिली. त्यानं इंजिन तापू दिलं, जमिनीवर पोतं अंथरलं आणि खाली सरकला. चेंबरची कड, सील, नळ्या, एकेक बोल्ट. सगळं कोरडं होतं. तो पुन्हा पहिल्यापासून बघत गेला. कडेनं दिवा धरल्यावर त्याला स्वतःच्या हातानं आवळलेल्या बोल्टांवरच्या पान्याच्या खुणासुद्धा दिसत होत्या.

"काही निघालं का?" बाईनं वरून विचारलं.

"नाही. ठीक आहे."

"मग आलाच आहात तर हातब्रेक बघता का? उतारावर धरत नाही."

"बघतो," तो गाडीखालून म्हणाला आणि पिशवी जवळ ओढली.